एकहाती मासिकं कशी वाचायची? विषय, वेळ आणि वाद

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी एक प्रकरण लिहून आमच्या मॅडमना दिलं. त्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'वर आठ पानं होती. मॅडमनी ती शांतपणे वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "अंक पाहिलेस का?"

मी पाहिले नव्हते. माझ्याकडे होतं ते बांधीव पुस्तक. निबंध एकामागोमाग एक, स्वच्छ छापलेले. कुठला निबंध कधी आला, तो किती अंकांत तुटून आला, मध्ये कोणाशी भांडण झालं, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. ती आठ पानं मी पुन्हा लिहिली. त्यात चार महिने गेले.

तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, टॉपिक शोधत असाल, तर हे चार महिने तुमचे वाचावेत म्हणून हा लेख. मराठीत एका माणसाने जवळजवळ एकट्याच्या जिवावर चालवलेल्या नियतकालिकांची मोठी परंपरा आहे. लेख त्यानेच लिहायचे, प्रुफं त्यानेच तपासायची, वर्गणीची आठवण त्यानेच करायची आणि रागावलेल्या वाचकाला उत्तरही त्यानेच द्यायचं. अशा पत्रात काय लिहिलंय हे आपण वाचतोच. ते लिहायला वेळ कुठून आला आणि कोणत्या वादात तो खर्च झाला, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. माझं म्हणणं असं की हे विचारल्याशिवाय त्या पत्राचा विषय काय होता हेसुद्धा नीट कळत नाही.

चार उदाहरणं घेऊ. सुरुवात आपल्या घराजवळून करू.

ठाण्याचे भावे: विषय लहान ठेवला

डोंबिवलीहून मी ठाण्याला उतरते ती बहुतेक वेळा मराठी ग्रंथ संग्रहालयासाठी. ही संस्था १ जून १८९३ रोजी सुरू झाली. ती उभी करण्यात पुढाकार होता विनायक लक्ष्मण भावे यांचा. तेव्हा त्यांचं वय बावीससुद्धा नव्हतं. 'महाराष्ट्र सारस्वत' या मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे कर्ते म्हणून तुम्ही त्यांचं नाव एम.ए.ला पाठ केलेलं असतं. ते प्राध्यापक नव्हते हे मात्र कोणी सांगत नाही. त्यांचा व्यवसाय मिठाचा होता. ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरं होती, त्या धंद्यातला हा माणूस. वाङ्मयाचं काम त्यातून उरलेल्या वेळात.

भाव्यांनी १९०३ साली 'महाराष्ट्र कवि' नावाचं मासिक सुरू केलं. त्याचा विषय अगदी नेमका होता: जुन्या मराठी कवींच्या हस्तलिखितांत पडून राहिलेल्या रचना शोधायच्या आणि छापायच्या. त्या काळी बहुतेक मासिकांत कथा, चरित्र, शास्त्रीय माहिती, पुस्तक परीक्षण असं सगळंच असायचं. भाव्यांनी ते घेतलं नाही.

धंदा सांभाळून मासिक काढणाऱ्या माणसाला ही आखणी परवडणारी होती, असं मला वाटतं. दर महिन्याला नवा विचार सुचायला हवा असं बंधन नाही. पोथी हातात असली की अंक भरतो. मेहनत असते ती पोथी मिळवण्याची, वाचण्याची आणि पाठ ठरवण्याची, आणि ती मेहनत महिन्याच्या तारखेशी बांधलेली नसते. वादही कमी, कारण पाच-सहाशे वर्षांपूर्वीचा कवी पत्र पाठवून तक्रार करत नाही.

पण म्हणून भाव्यांना आपलं म्हणणं बदलावं लागलं नाही असं नाही. 'महाराष्ट्र सारस्वत' आधी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला विष्णु गोविंद विजापूरकरांच्या 'ग्रंथमाला' मासिकात आलं. त्या वेळी महानुभावांचं साहित्य बाहेरच्या अभ्यासकांना जवळजवळ बंद होतं, कारण त्यांच्या पोथ्या सांकेतिक लिपीत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लिपी उलगडल्या आणि मराठीचा आरंभकाळ वेगळाच दिसू लागला. भाव्यांची १९१९ची आवृत्ती त्यामुळे पुष्कळ वाढली. तेव्हा तुम्ही 'सारस्वत'मधलं एखादं विधान उद्धृत करता तेव्हा आवृत्ती लिहा. नुसतं "भावे म्हणतात" पुरेसं नाही. कोणत्या साली म्हणतात?

चिपळूणकर: विषय मोठा, वाद आवडीचा

आता पुण्याला जाऊ आणि तीस वर्षं मागे. 'निबंधमाला' १८७४च्या जानेवारीत सुरू झाली. चिपळूणकर तेव्हा चोवीस वर्षांचेही नव्हते आणि सरकारी शाळेत शिक्षक होते. मासिकाचे एकूण ८४ अंक निघाले, म्हणजे बारा महिन्यांच्या हिशेबाने सात वर्षांचे. जवळजवळ सगळा मजकूर त्यांचा एकट्याचा.

विषय होता मराठी भाषा आणि देशाची स्थिती. एवढा मोठा विषय म्हटल्यावर त्यात काय बसत नाही? इतिहास, वाचन, लोकभ्रम, इंग्रजी भाषा, डॉक्टर जॉन्सनचं चरित्र, सगळं बसलं. आणि वादही बसले. लोकहितवादींच्या 'शतपत्रां'वर त्यांनी कडक टीका केली. ही पत्रं 'प्रभाकर'मध्ये १८४८पासून येऊ लागली, तेव्हा चिपळूणकरांचा जन्मही झाला नव्हता. सत्यशोधक समाजाचा अहवाल आणि जोतीराव फुल्यांचं लेखन यांचाही त्यांनी समाचार घेतला. त्यात फुल्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची टिंगल बरीच आहे.

इथे थांबा. चिपळूणकरांची गद्यशैली उत्तम आहे. वाचताना आपण हसतो आणि हसता हसता त्यांच्या बाजूला जाऊन बसतो. मीही बसले होते. पहिल्या मसुद्यात मी त्या टीकेला 'खुमासदार' म्हटलं होतं. मॅडमनी त्या शब्दाखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, "कोणासाठी?"

फुल्यांचा प्रश्न होता शेतकऱ्याच्या आणि शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचा, त्यांच्यावरच्या धार्मिक सत्तेचा. या वादात पानं खर्च झाली ती विभक्ती आणि वाक्यरचनेवर. मूळ प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा तो विचारणाऱ्याची भाषा तपासणं सोपं असतं. वेळही कमी लागतो, आणि आपले वाचक खूश होतात ते वेगळंच. आता असं समजा, एखाद्या विद्यार्थ्याने या वादाची एकच बाजू वाचली. त्याला फुले म्हणजे अशुद्ध लिहिणारे गृहस्थ वाटतील. तसं मराठीत कितीतरी वर्षं काही लोकांना वाटत राहिलंही. म्हणून नियम साधा: वाद सापडला की दुसरी बाजू शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. फुल्यांची मूळ पुस्तकं वाचा. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेल्या 'दीनबंधु'मधलं जे काही मिळेल ते वाचा.

आता वेळेचा हिशेब मांडू. १८७८ साली चिपळूणकर 'काव्येतिहाससंग्रह' या मासिकाच्या कामात होते. चित्रशाळा त्याच सुमाराची. १८७९ साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली. १८८०च्या जानेवारीत टिळकांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल. १८८१च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा'. आर्यभूषण छापखाना. आणि १७ मार्च १८८२ला मृत्यू. वय पुरतं बत्तीसही नाही. 'निबंधमाले'ची शेवटची वर्षं याच धांदलीतली. हे कॅलेंडर शेजारी ठेवून शेवटचे अंक वाचले की त्यांचा सूर वेगळा ऐकू येतो. 'आमच्या देशाची स्थिति' हा अखेरचा दीर्घ निबंध भाषेच्या प्रश्नापासून निघून थेट राज्यकर्त्यांपर्यंत पोचतो. नोकरी सोडलेल्या माणसाचा तो निबंध आहे.

पुढे सरकारने या निबंधावर बंदी घातली आणि ती १९३७ साली उठली. म्हणजे बंदीच्या काळात छापलेला 'निबंधमाले'चा खंड तुमच्या हाती आला, तर हा निबंध त्यात आहे का हे आधी बघा. अंक पाहिलेस का, या प्रश्नाचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

आंबेडकर: चोवीस रकाने

तिसरं उदाहरण मुंबईचं. ३ एप्रिल १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केलं. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्चला झाला होता, म्हणजे दोनच आठवडे आधी.

त्याआधीचा एक अनुभव त्यांच्या गाठीशी होता. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेलं 'मूकनायक'. त्याची पैसे देऊन करायची जाहिरातसुद्धा 'केसरी'ने घेतली नाही, हे आंबेडकरांनी नंतर लिहून ठेवलं आहे. ते स्वतः त्याच वर्षी शिक्षण पुरं करायला लंडनला गेले आणि त्यांच्या मागे पत्र टिकलं नाही, १९२३मध्ये बंद पडलं. चालवणारा माणूस बाजूला झाला की एकहाती पत्राचं काय होतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

'बहिष्कृत भारत'च्या वेळी त्यांच्यामागे काय काय होतं ते मोजा. वकिली, मुंबई विधिमंडळाचं सदस्यत्व, महाडचा लढा, त्याचे कोर्टातले दावे आणि शिवाय हे पाक्षिक. पगारी संपादक ठेवण्याइतके पैसे नव्हते. १९२८ सालच्या 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' या लेखात त्यांनी आपला हिशेब वाचकांपुढे मांडला. अंकाचे चोवीस रकाने एकट्याला भरावे लागतात, आणि या कामाचा मोबदला आपण घेतलेला नाही, असं त्यात त्यांनी सांगितलं आहे. वेळ हा सुद्धा सार्वजनिक कर्जासारखा आहे आणि ते फेडायला वाचकांनी हात लावला पाहिजे, असा त्या लेखाचा रोख आहे.

आपण या पत्रातले अग्रलेख वाचतो, पण हा लेख बहुतेक जण ओलांडून जातात, कारण तो 'विचारांचा' नाही, पैशांचा आहे. तसं करू नका. त्या काळच्या दलित वाचकाची वर्गणी देण्याची ताकद किती, पत्र एका माणसावर का अवलंबून, हे त्यातूनच कळतं. तो लेख बाजूला ठेवला तर 'बहिष्कृत भारत' १५ नोव्हेंबर १९२९ला का थांबलं याचं उत्तर तुम्ही भलतीकडे शोधाल.

वादांचं काय? वाद रोजचेच होते. महाडनंतर अनेक पत्रांनी टीका केली होती. ती सगळी टीका अग्रलेखात शिरत नाही हे बघण्यासारखं आहे. 'प्रासंगिक विचार', 'आजकालचे प्रश्न' अशी सदरं होती, चालू घडामोडी आणि इतरांची मतं यांच्यासाठी. अग्रलेखाची जागा मुख्य प्रश्नासाठी मोकळी राहायची. शासनाने १९९० साली 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' एकत्र प्रसिद्ध केले आहेत, तो खंड मिळवा आणि कोणतेही पाच अंक घ्या. कोणत्या टीकेला कोणत्या सदरात उत्तर मिळतं याची यादी करा. एका दुपारी होण्यासारखं काम आहे.

पुढची गोष्ट संशोधकाने आवर्जून नोंदवावी अशी. १९३०च्या नोव्हेंबरमध्ये 'जनता' सुरू झालं तेव्हा संपादकपदी देवराव नाईक होते. काम अनेक हातांत गेलं. 'जनता' १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' होईपर्यंत टिकलं. एकट्याने चालवलेलं पाक्षिक जेमतेम अडीच वर्षं, आणि अनेकांनी चालवलेलं पत्र पंचवीस.

कर्वे: वाचकांची पत्रं हाच विषय

'बहिष्कृत भारत' निघाल्यावर तीनच महिन्यांनी, जुलै १९२७मध्ये, त्याच मुंबईत रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं. ते गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारामुळे १९२५ साली विल्सन कॉलेजची नोकरी गेली होती. मासिक नोव्हेंबर १९५३पर्यंत चाललं, आणि १४ ऑक्टोबर १९५३ला कर्वे वारले होते. म्हणजे शेवटचा अंक त्यांच्या मृत्यूनंतरचा. सव्वीस वर्षं एका माणसाने दर महिन्याला हे केलं. घर पत्नी मालतीबाईंच्या साथीने चाललं, तेव्हा 'एकट्याने' हा शब्द वापरताना त्यांचं नाव गाळू नका. एकहाती पत्राच्या मागे बऱ्याचदा दुसरे हात असतात, फक्त ते छापले जात नाहीत.

१९३१ साली 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १०० रुपये दंड. दुसरा खटला १९३४ सालचा, आणि तो आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा. या वेळी आक्षेप होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. लोक पत्रातून लैंगिक शंका विचारत, कर्वे छापून उत्तर देत. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर.

त्यांच्या युक्तिवादाचा गाभा साधा होता. मासिकाचा विषय जर लैंगिक आरोग्य आणि शिक्षण हाच असेल, आणि वाचक त्या विषयावर प्रश्न विचारत असतील, तर संपादकाने उत्तर द्यायचं नाही तर काय करायचं? उत्तर द्यायचं नसेल तर मासिकच बंद करावं लागेल. खटला हरले. २०० रुपये दंड झाला.

चोवीस रकाने एकट्याने भरलेला माणूस, दुसऱ्या एकहाती संपादकाच्या बाजूने, वाचकांच्या पत्रांना उत्तर देण्याचा हक्क मांडतो आहे. हे वाचलं तेव्हा माझं आधीचं एक मत मोडलं. तोपर्यंत मी समजत होते की वाचकांची पत्रं म्हणजे व्यत्यय. भाव्यांसारखा विषय लहान ठेवावा, पत्रांना फार भाव देऊ नये, की काम होतं. कर्व्यांच्या बाबतीत हे चालत नाही. ज्या बाईला घरात कोणाला विचारता येत नाही, डॉक्टरलाही विचारता येत नाही, ती पत्र लिहिते. ते पत्र बाजूला काढलं तर 'समाजस्वास्थ्य'मध्ये उरतं काय? विषय वाचकांनीच त्यांच्या हातात आणून दिला होता.

मग शिव्यांच्या पत्राला आणि शंकेच्या पत्राला एकच वागणूक द्यायची का? नाही. फरक ओळखणं हेच संपादकाचं काम, आणि तो कसा ओळखला हे तपासणं तुमचं. चिपळूणकरांनी फुल्यांचा प्रश्न टोमण्यासारखा हाताळला. कर्व्यांनी लोक ज्याला घाण म्हणत होते तो प्रश्न प्रश्नासारखाच हाताळला. दोघांनीही वेळ खर्च केला, दोघांच्या लेखणीला धार होती. पण आज त्या पानांतून मिळणारा पुरावा वेगळा आहे. एकीकडे टीका करणाऱ्याबद्दल जास्त कळतं, दुसरीकडे विचारणाऱ्याबद्दल.

आता तुमची वही

कोणतंही एक मासिक घ्या, एकाच वर्षाचे अंक घ्या आणि वहीत तीन रकाने आखा.

पहिला, विषय. पहिल्या अंकात काय करणार म्हणून सांगितलं होतं ते लिहा. मग प्रत्येक अंकात त्यासाठी किती पानं गेली ते मोजा. वचन आणि पानं यांत अंतर पडलं की तारीख टिपा.

दुसरा, वेळ. जोडअंक कधी निघाला? उशिराबद्दल दिलगिरी कुठे आहे? लेखमाला मध्येच कुठे तुटली? उसना मजकूर कधी वाढला? त्या महिन्यात संपादकाच्या आयुष्यात काय चाललं होतं, ते चरित्रातून किंवा पत्रव्यवहारातून शेजारी लिहा.

तिसरा, वाद. कोणाला उत्तर दिलं, किती पानांत, कोणत्या सदरात? आणि कोणाला दिलंच नाही? न दिलेलं उत्तर अंकात दिसत नाही, म्हणून दुसऱ्या पत्राचे अंक लागतात.

तीन-चार महिन्यांचे अंक झाले की रकाने एकमेकांशी बोलायला लागतात. वाद वाढला त्या महिन्यात विषयाची पानं कमी झालेली दिसतात, किंवा उलट, एखाद्या वादातूनच नवा विषय निघालेला दिसतो. सिनॉप्सिससाठी प्रश्न शोधत असाल तर तो बहुधा इथेच सापडेल.

अंक कुठे मिळतील? आधी जवळची ग्रंथालयं. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, आणि कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, म्हणजे 'निबंधमाले'पेक्षा दहा वर्षांनी मोठं. नुसता कॅटलॉग बघून परत येऊ नका. जुनी नियतकालिकं पुष्कळदा वेगळ्या रजिस्टरमध्ये असतात, तेव्हा ग्रंथपालांना नाव आणि साल सांगून विचारा. सकाळी जा, डबा घेऊन जा.

आणि हे तीन रकाने स्वतःसाठीही आखा, हा माझा आगाऊ सल्ला. नोकरी, घर, लोकलचे रोजचे दोन-अडीच तास यांतून तुमचं संशोधन होणार आहे. भाव्यांनी मिठाच्या धंद्यातून वेळ काढला तो विषय नेमका ठेवून. तुमच्या विषयावर नातेवाईक बोलतील, सेमिनारमध्ये कोणीतरी खवचट प्रश्न विचारेल. त्यातला टोमणा कोणता आणि शंका कोणती, हे त्याच संध्याकाळी ठरवू नका. प्रश्न वहीत लिहून ठेवा, आठ दिवसांनी वाचा.

मॅडमचा "कोणासाठी?" मला त्या दिवशी टोमणा वाटला होता. माझं सध्याचं तिसरं प्रकरण त्याच प्रश्नावर चाललं आहे.